कडी

जगात माणसांचे दोन प्रकार असतात, असं म्हणून लेखाला सुरुवात करायची विनोदी लेखकांत पूर्वापार चाल आहे. ती मोडायचं माझ्या मनात नाही. तर, जगात माणसांचे दोन प्रकार असतात. लॉजच्या खोलीत शिरल्याबरोबर पलंगावर अंग टाकणारे, आणि शिरल्याबरोबर खिडकी उघडून बघणारे. पहिल्या प्रकारचा माणूस पाच मिनिटांत घोरायला लागतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस खिडकी उघडतो, नळ सोडतो, पंख्याचं बटण दाबतो, मग गादी दाबतो, कपाटाच्या मागे डोकावतो, खाली जाऊन मॅनेजरला "दुसरी एखादी दाखवता का?" म्हणून विचारतो, दुसरी बघतो आणि "पहिलीच बरी होती" असं म्हणत वर येतो. मग पलंगाच्या कडेवर टेकतो आणि बायकोला विचारतो, "उद्या कुठं?"

मी दुसऱ्या प्रकारचा. आमची ही पहिल्या प्रकारची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्याअर्थी हे दोन्ही प्रकार एका खोलीत राहू शकतात, एवढं तरी सिद्ध झालेलं आहे.

माझा हा स्वभाव नोकरीमुळे झाला, असं मी सांगत असतो. मी बँकेत क्लार्क. हल्ली कागदोपत्री आम्हांला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण खुर्ची तीच आणि खुर्चीचा मोडका हातही तोच. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसून मी लोकांना "बसा जरा, होतंय" असं सांगत आलो. दिवसभर दुसऱ्याला बसा म्हणणाऱ्या माणसाला सुटी मिळाल्यावर बसवत नसेल तर त्यात त्याचा काय दोष? बँकेचा एल.एफ.सी., म्हणजे सुटीचं प्रवासभाडं, हा आम्हां लोकांचा मोक्ष. तो ठराविक वर्षांनी एकदा मिळतो, आणि खऱ्या मोक्षासारखाच अर्ज तीन प्रतींत भरल्याशिवाय मिळत नाही.

पण नोकरीचं कारण पुरेसं नाही, हे मलाही ठाऊक आहे. कारण आमच्या गावाकडे बघावं तर सगळं उलटंच दिसतं. आमचं हुपरी म्हणजे चांदीचं गाव. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. पैंजण, तोडे, जोडवी, घुंगरं, कमरपट्टे इथं घरोघर होतात. कुणी चांदी आटवतो, कुणी तार ओढतो, कुणी कड्या जुळवतो, कुणी उजाळा देतो. देशभरच्या पायांना चालण्याचा नाद लावणारं हे गाव स्वतः मात्र दिवसभर मांडी घालून बसलेलं असतं. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं एकाच पाटावर बसून पैंजणांना घुंगरं जोडली. पाटासमोर भिंत होती. त्या भिंतीला खिडकी असावी, असं त्यांना कधी वाटलं नाही. मला पहिल्या दिवसापासून वाटायचं.

सगळेच बसलेले असतात असंही नाही म्हणा. केलेला माल विकायला कुणीतरी फिरावं लागतंच. आमच्या गल्लीत एक चांदीवाले काका आहेत. तीस वर्षं पिशवीत माल घेऊन गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, पार तामिळनाडूपर्यंत फिरले. त्यांनी जेवढ्या लॉजमध्ये रात्री काढल्या तेवढ्या मी जन्मात बघितलेल्यासुद्धा नाहीत. एकदा मी त्यांच्यापुढं एका लॉजची तक्रार सांगत होतो. खिडकी बोळाकडे, नळाला पाणी नाही, पंखा चालतो पण वारा देत नाही वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि कडी?"

"कडी? कडीचं काय?"

"अरं, खोलीत बगायचं काय असतंय? कडी बगायची. आतनं घट्ट बसली की राजवाडा. न्हाई बसली तर राजवाडा असला तरी पुढच्या गाडीत बसायचं."

पिशवीत दहा किलो चांदी असलेल्या माणसाला खिडकीतून काय दिसतं याची फिकीर कशाला असेल? तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार बसला, की माणूस खोलीत काय बघतो हे खोलीवर अवलंबून नसतं, तो बरोबर काय घेऊन आलाय यावर असतं. मग मी बरोबर काय घेऊन हिंडतो, की मला कुठलीच खोली पुरत नाही?

या प्रश्नाचा निकाल लागायला अंदमान उजाडावं लागलं.

अंदमान ठरवलं हिनं. अट एकच. "एका जागी तीन रात्री. मधे एकदा जरी 'उद्या कुठं' विचारलंत, तर मी सरळ माहेरी जाईन." हिचं माहेर यळगूड, म्हणजे हुपरीपासून हाकेच्या अंतरावर. पण धमकी ती धमकी. चेन्नईहून विमानानं पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, आणि तिथून बोटीनं हॅवलॉक, ज्याचं २०१८ साली स्वराज द्वीप झालं. नावं बदलली तरी तिकीट काढताना बोटवाले जुनंच नाव घेतात. आमच्या शाखेचंही तसंच आहे. दोनदा विलीनीकरण झालं, पण खातेदार अजून आजोबांच्या वेळच्या नावानंच पत्ता सांगतात.

बेटावर आमची खोली म्हणजे समुद्रापासून शंभर पावलांवर एक झोपडी. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर, आत एक खाट, एक मच्छरदाणी, एक बल्ब आणि एक टेबल फॅन, जो आमच्याकडे न बघता कोपऱ्याकडे बघून फिरत होता. मी रीतसर पाहणी केली. खिडकी होती, पण तिला दार नव्हतं. नळ होता, पण बाहेर, माडाखाली. आणि काकांची आठवण होऊन मी कडी बघितली, तर कडीच नव्हती. दाराला काथ्याची एक दोरी आणि चौकटीला एक खिळा. मालक होता तिशी-पस्तिशीतला एक बंगाली गृहस्थ. त्याला मी म्हटलं, "दादा, कडी?"

तो हसला. हिंदीत म्हणाला, "कडी कशाला? चोरून नेणार कुठं? चारी बाजूंना पाणी आहे."

उत्तर बिनतोड होतं. चोर जाणार कुठं, हा प्रश्न सुटला. पण मी जाणार कुठं, हा प्रश्न तिथंच सुरू झाला. परतीची बोट चौथ्या दिवशी.

अंदमानात आणखी एक गंमत आहे, ती प्रवासकंपन्यांच्या माहितीपत्रकात छापत नाहीत. ही बेटं हुपरीच्या अठरा अंश पूर्वेला, पण घड्याळ सगळ्या देशाचं एकच. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी येतो आणि सव्वा तास आधी जातो. दिवाळीनंतरच्या दिवसांत आपला दुपारचा चहा पोटात उतरायच्या आत तिथं दिवेलागण होते. त्यात दिवे गेले. फॅननं कोपऱ्याकडे बघणंही थांबवलं. मी मच्छरदाणीत पडून लाटा ऐकत राहिलो. छपरावर काहीतरी सरपटलं. बाहेर वाळूत शंख पाठीवर घेतलेले खेकडे खुडबुडत होते. मध्येच माडाची वाळकी झावळी धप्पकन पडली. बऱ्याच वेळानं, मध्यरात्र उलटून गेली असेल, म्हणून घड्याळ बघितलं. पावणेआठ झाले होते.

ही पहिल्या प्रकारची असल्यामुळं केव्हाच झोपली होती.

आता एवढा वेळ रिकामा सापडला की माणूस विचार करतो. कॉमर्सच्या पदवीधरानं तत्त्वज्ञानात शिरू नये, त्याला त्यात व्याजदर सापडत नाही. पण अंधारात कोण बघतंय? मला पास्कल आठवला. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गणिती. माणसाच्या साऱ्या दुःखांचं मूळ त्यानं एका साध्या गोष्टीत शोधलं होतं, ते म्हणजे माणसाला आपल्या खोलीत स्वस्थ बसता येत नाही. गणितात या माणसाचं नाव एवढं मोठं, की उत्तर बरोबरच असणार. पण माझं मन म्हणालं, पास्कलसाहेब, माणसं खोलीत स्वस्थ बसली असती तर पैंजणं कुणासाठी केली असती? आमची हुपरी उपाशी मेली असती की!

शिवाय आपल्याकडे तर एका जागी न थांबणं हा चक्क धर्म मानलेला आहे. संन्याशानं गावाची सवय लागेपर्यंत राहायचं नाही, लागायच्या आत पुढं निघायचं. आमच्या भागात जैन मुनी येतात. आठ महिने अनवाणी पायांनी विहार, आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी. तेही पाय दुखतात म्हणून नव्हे, तर पावसात उगवलेले जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून. म्हणजे चालणंही दुसऱ्यासाठी आणि थांबणंही दुसऱ्यासाठी. माझी वळवळ या खात्यात जमा धरता येईल का, याचा मी बराच वेळ विचार केला. येत नाही. संन्यासी पुढच्या गावी जातो तो आधीचं गाव सोडण्यासाठी. मी जातो तो तिथली खोली याहून बरी असेल म्हणून. वळवळ सारखीच दिसते, पण एकाची नावे पडते आणि दुसऱ्याची जमा.

आदल्या दिवशी आम्ही सेल्युलर जेल बघितलं होतं. अंदमानला गेलेला मराठी माणूस समुद्र एक वेळ चुकवील, पण जेल चुकवणार नाही. १८९६ साली काम सुरू झालं, १९०६ साली पुरं झालं. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, तीन मजली. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसायलाच नको. १९११ च्या जुलैत सावरकरांना इथं आणलं. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. समोरच्या चौकात कोलू, त्याला माणसांना जुंपून खोबऱ्याचं तेल काढायचं. एका कोठडीत मी आत जाऊन उभा राहिलो. खिडकी होती, पण हाताला न लागेल एवढ्या उंच. आणि माझं लक्ष कडीकडे गेलं.

बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोठडीची कडी दारावर नाही. दारापासून लांब, भिंतीत एक कोनाडा आहे, तिथपर्यंत लोखंडी दांडा जातो आणि तिथं कुलूप पडतं. कैद्यानं गजांतून खांद्यापर्यंत हात काढला तरी बोट टेकत नाही. हा नकाशा ज्यानं काढला तो बुद्धिमान असला पाहिजे, आणि त्या बुद्धीची शिसारी येते. काका तीस वर्षं जी कडी शोधत हिंडले, तीच कडी. फक्त बाहेरून. तेवढ्यानं राजवाड्याची कोठडी होते.

त्या कोठडीत ना कागद ना पेन. सावरकरांनी भिंतीवर खरडून कविता केल्या आणि त्या पाठ करून ठेवल्या. आणि इथं माझ्या मोबाइलला दोन तास रेंज नव्हती तर मी तीन वेळा झोपडीबाहेर जाऊन हात वर करून आलो. पण थांबा. आता लेखक म्हणेल, "बघा, ते कसे राहिले, आणि आपण गादीबद्दल कुरकुरतो!" मी ते म्हणणार नाही. असला उपदेश लहानपणी आम्हांला भरपूर मिळालेला आहे. ताटात भाजी टाकली की कुठल्यातरी दूरच्या देशातली उपाशी पोरं आमच्यापुढं उभी करत. त्यानं त्या पोरांचं पोट भरलं नाही आणि आमच्या भाजीला चवही आली नाही. दुसऱ्याच्या कोठडीची आठवण काढून आपलं गळकं छप्पर सुकत नाही. आणि ज्यांनी भोगलं त्यांचं भोगणं आपल्याला गादीवर गप्प झोपवण्यासाठी वापरायचं, यात त्यांचाही काही मान राहत नाही. ओली गादी ही ओलीच असते. ती बदलून मागावी. मी मागितली. मालकानं बदलून दिली.

हिशेब इथं मिटला असता. पण दुसऱ्या दिवशी मालकाची आजी भेटली.

झोपड्यांच्या मागं त्यांचं घर. ओसरीवर म्हातारी सुपाऱ्या सोलत बसली होती. ही तिच्याजवळ जाऊन बसली. हिला बंगाली येत नाही, म्हातारीला मराठी येत नाही, दोघींची हिंदी बेताची. पण अर्ध्या तासात सुनांचे विषय संपवून दोघी सुपाऱ्या सोलायला लागल्या होत्या. मी तीन वेळा किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. चौथ्या वेळी म्हातारीनं मला थांबवलं आणि नातवाला काहीतरी विचारायला सांगितलं.

फाळणीनंतर पूर्व बंगालातून जी माणसं उठली, त्यांतल्या पुष्कळांना सरकारनं १९५० च्या दशकात या बेटांवर आणून वसवलं. जंगल तोडायचं, भात लावायचं, राहायचं. ही म्हातारी तेव्हा परकराच्या वयाची होती. कोलकात्याहून जहाजात बसवलं. कुठं चाललोय हे आईलाही माहीत नव्हतं. उतरल्यावर राहायला जी झोपडी मिळाली ती बांबूची, झावळ्यांची. नातू सांगता सांगता आमच्या झोपडीकडे बोट दाखवून म्हणाला, "अशीच. फक्त फॅन नव्हता."

आणि म्हातारीचा प्रश्न असा होता, "तुमचं घर आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं. स्लॅबचं."

"कुणी काढलं नाही ना?"

"नाही नाही."

"मग इथं कशाला आलात?"

मंडळी, मी बी.कॉम. आहे. ऑडिटरच्या प्रश्नांना गेली बावीस वर्षं तोंड देत आलोय. पण या प्रश्नावर माझ्यापाशी व्हाउचर नव्हतं. समुद्र बघायला, म्हणावं तर म्हातारी सत्तर वर्षं तोच बघत होती. हवापालट म्हणावं, तर हवा एवढी दमट की कॉलर सुकत नव्हती. मी नातवाकडे बघितलं. नातू माझ्याकडे बघत होता.

ही सुपारी सोलता सोलता म्हणाली, "परत जायला."

नातवानं सांगितलं. म्हातारी थोडा वेळ काही बोलली नाही. मग हसली, आणि हिच्या ओटीत मूठभर सुपाऱ्या टाकल्या.

परत जायला! मी एकोणीस वर्षं ज्या प्रश्नाभोवती येरझाऱ्या घालतोय त्याचं उत्तर हिनं दोन शब्दांत दिलं आणि पुढची सुपारी घेतली. प्रवासी म्हणजे काय? तर ज्याला परत जाता येतं तो. बाकी बेटावर आलेली माणसं आमच्यासारखीच बोटीतून उतरली, आमच्यासारखीच झोपडी नाहीतर खोली त्यांनाही मिळाली. पण कैद्याची कडी बाहेरून. निर्वासिताला तर मागच्या घराला दारच उरलं नव्हतं, कडी कुठली लावणार? दोन्हीकडच्या कड्या हातात असलेला प्राणी एकच, आम्ही. आणि त्या हातात असूनही चुळबुळतो तोही आम्हीच.

मग चुळबुळणं पाप आहे का? मला तसं वाटत नाही. माणूस खिडकी उघडून बघतो म्हणूनच काका तामिळनाडूपर्यंत पोचले आणि त्यांच्या पिशवीवर आमच्या गल्लीतल्या दहा घरांच्या चुली पेटल्या. पण एक गोष्ट आहे. आपल्याकडे पाहुण्याला अतिथी म्हणतात, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आमची तिथी ठरलेली होती, वार होता, बुकिंग नंबर होता, पावती होती. म्हणजे आम्ही अतिथी नव्हतो, गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला गादी बदलून मागायचा हक्क आहे. पण गिऱ्हाइकानं एवढं ध्यानात ठेवावं, की पैसे मोजून आपण खाट घेतलीय, फॅन घेतलाय, तीन रात्री घेतल्यात. दुसऱ्याचं घर घेतलेलं नाही. ज्या झोपडीला आपण 'साधेपणाची मजा' म्हणून फोटो काढतो ती कुणाच्या तरी पायाखालची जमीन गेल्यावर मिळालेली पहिली सावली असते. तिच्यात बसून "उद्या कुठं?" विचारायला हरकत नाही. फक्त जरा हळू आवाजात विचारावं.

आणि हेही, की काही दारं आपल्यासाठी नसतात. याच बेटांत उत्तर सेंटिनल नावाचं एक बेट आहे. तिथल्या लोकांना पाहुणा नको आहे आणि ते तसं बाण मारून कळवतात. सरकारनंही त्या बेटाजवळ जायला मनाई केलेली आहे. २०१८ साली एक अमेरिकन तरुण तरीही गेला आणि जिवाला मुकला. त्या बेटानं कडी आतून लावलेली आहे. माझ्यासारख्या दहा जागी डोकावणाऱ्या माणसालासुद्धा ती कडी वाजवू नये एवढं कळतं. फिरायचा हक्क जसा एकाला, तसा 'खोली रिकामी नाही' म्हणायचा हक्क दुसऱ्याला.

तिसऱ्या रात्री दिवे होते, फॅन होता, तरी मला झोप आली नाही. पण त्या रात्री मी घड्याळ बघितलं नाही. दाराची दोरी खिळ्याला अडकवलेली होती. वाऱ्यानं ती मधूनमधून निसटायची आणि दार आपोआप उघडायचं. पहिल्या रात्री मी उठून चार वेळा अडकवली होती. या रात्री एकदा उठलो आणि मग ते तसंच राहू दिलं. उघड्या दारातून वाळू दिसत होती, आणि पाठीवर शंख घेतलेला एक खेकडा उंबऱ्याशी थबकून आत यावं की नाही याचा विचार करत होता. स्वतःची खोली पाठीवर घेऊन हिंडणारा तो प्राणीसुद्धा खोली लहान पडली की दुसरा शंख शोधतो, असं मी वाचलंय. तेव्हा दुसरी खोली दाखवा म्हणणारा जगात मी एकटाच नाही. तो आत आला नाही. पहिलीच बरी वाटली असावी.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. बोट, जेल, कोलू, म्हातारी, सुपाऱ्या. त्यांनी पाटावरून मान वर न करता ऐकून घेतलं. आता डोळे साथ देत नाहीत, तरी हाताला चाळा म्हणून तासभर बसतात. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "म्हातारी परत कधी गेलीच न्हाई व्हय रं तिच्या गावाकडं?"

"नाही," मी म्हटलं.

वडील थोडा वेळ हातातल्या पैंजणाकडं बघत बसले. मग त्यांनी कडी चिमट्यात धरली, हळूच दाबली, आणि लागली का ते कानाशी नेऊन वाजवून बघितलं.